अखंड शेपटीचे विमान

मॉडेल जेटला किती हलत्या पट्ट्या द्यायच्या, यावर माझे आणि मिस्तरींचे पहिल्या दिवसापासून पटले नाही. मी म्हणायची, कमीत कमी. ते म्हणायचे, खऱ्या विमानाला असतात तेवढ्या. आमच्यापैकी कोणीच खऱ्या जेटला हातही लावलेला नव्हता.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान आणि गणित शिकवून निवृत्त झाले. नोकरीची शेवटची वर्षे पालमला गेली, आणि नंतरही मी तिथेच राहिले. रेडिओ-रिमोटवर उडणाऱ्या छोट्या विमानांचा नाद नोकरीत असतानाच लागला. नांदेडला एका कॉलेजात विज्ञान प्रदर्शनाचे परीक्षण करायला गेले होते. तिथे मैदानावर कोणीतरी फोमचे विमान उडवून दाखवले. मी गुणांचे कागद हातात धरून ते उतरेपर्यंत उन्हात उभी राहिले. त्या वर्षी एक साधे विमान मागवले. ते पाडले, चिकटवले, परत उडवले. दोन-तीन वर्षांत हात बसला आणि मी जेटकडे वळले. जेट म्हणजे तेल जाळणारे इंजिन नव्हे. विमानाच्या पोटात एक नळी, नळीत विजेचा छोटा पंखा, आणि बॅटरी. पुढून हवा ओढायची, मागून फेकायची. दिसायला आणि ऐकायला जेट, वजन दीड किलोच्या आत.

मिस्तरींची ओळख त्या पंख्यामुळेच झाली. पंख्याची मोटार जळाली होती. नवी यायला महिना लागणार होता. गावात कोणीतरी म्हणाले, ताडकळसला पाण्याच्या जळालेल्या मोटारी भरून, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळून देणारे एक मिस्तरी आहेत, त्यांच्या हाताखालून गेलेली मोटार परत येत नाही. मी ती मोटार जेवणाच्या डब्यात घातली आणि एसटीने ताडकळसला गेले. दुकानात जमिनीवर शेतकऱ्यांच्या मोटारी रांगेने पडल्या होत्या, प्रत्येकीला खडूने गावाचे नाव लिहिलेले. मिस्तरी धिप्पाड, पन्नाशीचे. मी डबा उघडून लिंबाएवढी मोटार दाखवली. त्यांनी ती बोटांत फिरवली, चष्मा कपाळावर सरकवून डोळ्यांजवळ नेली आणि एवढेच विचारले, "बाई, ही कशाला लागती?"

मी सांगितले. त्यांनी आठ दिवसांनी यायला सांगितले. आठ दिवसांनी मोटार तयार होती आणि पहिल्यापेक्षा कमी तापत होती. हे भरलेले नक्की उडते का, ते बघायला येतो म्हणाले. बघायला आले आणि मग येतच राहिले.

मिस्तरींच्या मेव्हण्याची थोडी माळरानाची जमीन राणीसावरगावच्या बाजूला होती. सरकारी नकाशावर तो भाग अशी विमाने उडवायला मोकळा दाखवलेला होता, आणि आजूबाजूला विजेच्या तारा नव्हत्या. एकीकडे पड जमीन, दुसरीकडे हरभरा. हरभरा निघाला की बिनचाकांचे विमान पोटावर उतरवायला चांगली सपाट जागा मिळायची. आम्ही सकाळी वारा उठायच्या आत जायचो. मिस्तरी विमान हाताने फेकायचे, मी रिमोट धरायची. मी कितीदा आग्रह केला तरी त्यांनी रिमोट कधी हातात घेतला नाही. त्यांचे म्हणणे, त्यांची नजर जवळच्या कामाची आहे, लांबच्या नाही.

दोघांनी मिळून पहिले जेट बांधायचे ठरले तेव्हा पट्ट्यांचा प्रश्न आला. विमान हवेत वळते, चढते, उतरते ते पंखांच्या आणि शेपटीच्या कडेला बिजागरीवर हलणाऱ्या पट्ट्यांमुळे. पंखांच्या बाहेरच्या पट्ट्या विमान डावीउजवीकडे कलवतात. आडव्या शेपटीची पट्टी नाक वर-खाली करते. उभ्या शेपटीची पट्टी सुकाणूसारखी. पंखांच्या आतल्या बाजूला आणखी दोन पट्ट्या असल्या तर त्या खाली सोडून वेग कमी करता येतो, त्यांना फ्लॅप म्हणतात. प्रत्येक पट्टीला एक छोटी मोटार, एक तारेची सळी, एक जोड. म्हणजे प्रत्येक पट्टीबरोबर बिघडायच्या तीन जागा येतात. माझे गणित हे होते.

मिस्तरींना हे सगळे तर हवेच होते, वर आणखी एक गोष्ट हवी होती. त्यांनी मोबाईलवर लढाऊ विमाने बघितली होती. त्यांच्या आडव्या शेपटीला पट्टी नसते, सबंध शेपूटच एका दांड्यावर फिरते. त्याला आम्ही अखंड शेपूट म्हणायला लागलो. मी त्यांना समजावले की अशी शेपूट फार जोरकस असते, जराशी हलली तरी विमान उसळते. आणि तिचा सगळा भार एका दांड्यावर आणि एका जोडावर असतो. त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाले की दांडा आणि जोड हे त्यांचे काम आहे, त्याची काळजी मी करू नये.

दांडा त्यांनी पोलादी घेतला. तो ज्या दोन कड्यांत फिरतो ते पितळी बुश स्वतः लेथवर केले. शेपटीचे दोन्ही भाग त्या एका दांड्यावर पक्के बसवले, मधोमध एक छोटी तरफ. तरफ दांड्याला घट्ट धरून ठेवायला बिनडोक्याचा एक बारीक स्क्रू होता. वाटणी अशी ठरली की धातूचे काम त्यांचे, आणि रिमोटशी जोडणे, कोन लावणे, शेवटचे आवळणे माझे. शेपूट सरळ रेषेत आहे का ते मी कंपासपेटीतल्या कोनमापकाने बघायची. मिस्तरी त्याला हसायचे, पण दुसरे साधन आमच्याकडे नव्हते.

ते जेट दोन सकाळी उडाले. पहिल्या दिवशी मी सांगितले तसेच झाले. मी रिमोटची काडी किंचित ओढली की विमान घोड्यासारखे उसळायचे. उतरवून मी शेपटीची हालचाल निम्म्यावर आणली, मागच्या कडेला जेमतेम आठ मिलिमीटर ठेवली. दुसऱ्या दिवशी ते इतके सरळ गेले की मिस्तरी मान वर करून बघतच राहिले. तिसऱ्या खेपेच्या आदल्या संध्याकाळी मी शेपटीचा कोन अर्धा अंश बदलला.

तिसऱ्या खेपेला दोन फेऱ्या नीट झाल्या. तिसऱ्या फेरीत विमान आमच्या अंगावरून वेगाने जात असताना शेपटीतून घरघर ऐकू आली. मी काडी ओढली, विमानाने ऐकले नाही. आणखी ओढली. नाक खाली गेले ते तसेच गेले, आणि विमान शेजारच्या रानात, तूर कापून राहिलेल्या खुंटांमध्ये उभेच्या उभे शिरले.

आम्ही चालत गेलो. मिस्तरी बॅटरीकडे धावले, ती फुगली तर पेट घेते म्हणून. मी मागचा भाग उचलला. शेपटीचे भाग शाबूत होते, पण तरफ दांड्यावर मोकळी फिरत होती. स्क्रू दोन आटे बाहेर आलेला होता. मी बघितले आणि मला लगेच आठवले. आदल्या संध्याकाळी कोन लावताना मी तो ढिला केला, कोन बघून अर्धवट आवळला, स्क्रू फिरू न देणारा निळा डिंक लावून पक्का करायचा म्हणून बाजूला ठेवला. तेवढ्यात शाळेतल्या एका जुन्या सहकारी बाई आल्या. त्या गेल्यावर मी विमान झाकून ठेवले.

मी तो स्क्रू बोटाने फिरवून काढला आणि ड्रेसच्या खिशात टाकला. हे मी विचार करून केले असे म्हणता येणार नाही, पण न कळत केले असेही नाही.

मिस्तरी आले, त्यांनी दांडा हातात घेऊन वर-खाली हलवला. बुशमध्ये किंचित ढिलाई होती. ती सगळ्याच बुशमध्ये असते, आणि आपटल्यावर वाढतेच. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मपल्याच बुशमधी प्ले राहिला, बाई. तुमी आदीच म्हणाला होतात."

मी म्हणाले की असू दे, होते असे. तरफेचा स्क्रू कुठे गेला, हे त्यांनी विचारले नाही. आपटल्यावर उडाला असेल असे धरून चालले असावेत.

पुढचे विमान कसे बांधायचे यावर वाद झाला नाही. मी सुचवले ते त्यांनी मान्य केले. मी त्रिकोणी पंखाचे जेट काढले, त्याला आडवी शेपूटच नाही. पंखाच्या मागच्या कडेला दोनच पट्ट्या. दोन्ही एकत्र वर गेल्या की नाक वर, एक वर आणि एक खाली गेली की विमान कलते. दोन मोटारी, दोन सळ्या, संपले. पट्ट्या नेहमी दोन मिलिमीटर वर उचललेल्या ठेवल्या की ते हातातून सुटताच सरळ जायचे. माझ्या मनासारखे विमान होते. त्याला एकच मर्यादा होती. चढायचे आणि कलायचे काम त्याच दोन पट्ट्यांना करावे लागते, त्यामुळे जोरात वर ओढताना वळायला काही शिल्लक राहत नाही. मी जोरात ओढत नसे.

ते विमान आम्ही दोन हंगाम उडवले. त्याला एकदाही काही झाले नाही. मिस्तरी येत, फेकत, उभे राहत. पण आता फेकायच्या आधी ते मला प्रत्येक जोड बघायला लावायचे, आणि मी बघितला म्हटले तरी पुन्हा एकदा बघा म्हणायचे. स्वतः मात्र हात लावायचे नाहीत. पुढे त्यांचे येणे कमी झाले. दुकानात कामं पडल्येत, असा निरोप यायचा. मला ते खरे वाटले, कारण पेरणीच्या आधी त्यांच्याकडे नेहमीच गर्दी असते.

एका बाजाराच्या दिवशी मी ताडकळसला गेले होते. मिस्तरी दुकानात नव्हते, वायर आणायला परभणीला गेले होते. त्यांच्या पत्नी दुकानामागच्या घरातून बाहेर आल्या, मला बसवले, चहा दिला. दारात दोन शेतकरी मोटारीसाठी थांबलेले होते. त्यातला एक वैतागून म्हणत होता की मोटार परवाच भरून झालीय, मग द्यायला काय हरकत आहे. शेतकरी गेल्यावर मिस्तरींच्या पत्नींनी मला हळू आवाजात सांगितले की हल्ली हे असेच चालले आहे. भरलेली मोटार मिस्तरी देत नाहीत. परत उघडतात, बघतात, परत बंद करतात. एखादी तीनदा. गिऱ्हाइके दुसरीकडे जायला लागली आहेत. डोळे तपासून आणले, डोळे ठीक आहेत.

"इमान पडलं तवापासून हाय हे," त्या म्हणाल्या. "मपल्या हातावर भरोसा न्हाई म्हणतेत."

मी चहा संपवला आणि एसटीने परत आले. पालमपर्यंतच्या रस्त्यात मी काय विचार केला ते आता सांगता येत नाही. शाळेत मुलांच्या उत्तरपत्रिका तपासताना एखाद्याला चुकून शून्य दिले गेले तर मी वर्गात उभे राहून चूक सांगत असे. त्यात कमीपणा वाटत नसे. इथे वाटला. मिस्तरींचे म्हणणे हरले होते आणि माझे जिंकले होते, एवढे मात्र खरे.

स्क्रू माझ्याकडेच होता, शिवणाच्या डब्यात बटणांबरोबर. मी तो कागदात गुंडाळला आणि दोन दिवसांनी परत गेले. मिस्तरी एक उघडलेली मोटार पुढ्यात घेऊन बसले होते. मी पुडी त्यांच्यासमोर ठेवली आणि काय झाले होते ते क्रमाने सांगितले. कोन बदलला, अर्धवट आवळला, विसरले, सापडला, लपवला. लपवला हा शब्द मी वापरला.

त्यांनी स्क्रू तळहातावर घेतला, भिंग लावून आटे बघितले. "आटे गेलेले न्हाईत. निस्ता ढिला व्हता," ते म्हणाले.

मी हो म्हणाले.

"म्हंजे बुश बरोबर व्हता."

"बुश बरोबर होता."

त्यांनी स्क्रू परत पुडीत ठेवला. रागाने काही बोलतील असे मला वाटले होते, आणि बोलले असते तर मला सोपे गेले असते. ते म्हणाले, "स्क्रू तर कुणाचाबी ढिला ऱ्हातो, बाई. मपलाबी ऱ्हातो. पर दीड साल मी ह्या हाताकडं बगायलोय." त्यांनी उजवा हात थोडा वर केला आणि परत मांडीवर ठेवला. मग पुढ्यातली मोटार बंद करायला घेतली. मला बसा म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत. मी थोडा वेळ थांबून निघाले.

त्यानंतर चार महिने ते आले नाहीत. मी फोन केला नाही. त्यांच्या मेव्हण्याच्या जमिनीवर एकटीने जाणे योग्य वाटेना, म्हणून उडवणेही बंद राहिले. विमान हाताने फेकणारा दुसरा माणूस माझ्याकडे नव्हताही.

सोयाबीन निघाल्यावर एका सकाळी मिस्तरी मोटारसायकलवर पालमला माझ्या घरी आले. असे ते आधी कधीच आले नव्हते. पाणी घेतले, चहाला नको म्हणाले. पिशवीतून एक पोलादी दांडा काढून टेबलावर ठेवला. दांड्याच्या मधोमध, जिथे तरफेचा स्क्रू टेकतो, तिथे त्यांनी कानशीने घासून सपाट जागा केली होती. गोल दांड्यावर स्क्रूला टेकायला धड जागा नसते, थोडा ढिला झाला की तरफ घसरते. सपाटीवर बसवला तर ढिला होऊनही तरफ सहज फिरत नाही. ही गोष्ट पहिल्या वेळीच करायला हवी होती, आणि ती दोघांनाही सुचली नव्हती. ते मला म्हणाले की एवढी गलती त्यांची, ती त्यांना कबूल आहे. बाकीची माझी.

मग म्हणाले, "अखंड शेपूट परत लावायची. आवळायचं काम माजं. तुमी कोन लावा, मी आवळतो, आन् मंग दोगंबी बगायचं."

मी मान्य केले. फक्त एवढे म्हणाले की फ्लॅप नकोत, आणि सुकाणूही नको. सुकाणूशिवाय आम्ही दोन हंगाम उडवले होते. फ्लॅप तर पोटावर उतरणाऱ्या विमानाला अडचणच. खाली सोडलेल्या पट्ट्या आधी जमिनीला लागतात आणि त्या हलवणाऱ्या छोट्या मोटारीचे दाते तुटतात. सुकाणू त्यांनी लगेच सोडले. फ्लॅपचे नंतर बघू म्हणाले.

तिसऱ्या विमानाला दोन पट्ट्या पंखात आणि मागे अखंड शेपूट, एवढेच ठेवले. काम बहुतेक त्यांच्या दुकानात झाले. आठवड्यातून दोनदा मी जायची. तरफेचा स्क्रू मी समोर असताना त्यांनी आवळला, निळा डिंक लावला, आणि वाळल्यावर स्क्रूवरून तरफेवर रंगाची एक बारीक रेघ ओढली. स्क्रू जरा फिरला तरी रेघ तुटलेली दिसेल. अशी रेघ ते आता भरलेल्या मोटारींच्या नटांवरही ओढतात, असे मला तेव्हा दिसले. एकदाच बंद केलेली मोटार दारात ठेवलेली होती आणि गिऱ्हाईक ती घेऊन गेले. आमच्या बोलण्यात हा विषय निघाला नाही.

शेपटीची हालचाल मी आधीच आठ मिलिमीटरवर ठेवली होती. काडी मधोमध असताना ती आणखी सौम्य चालावी, असे रिमोटमध्ये लावले. पहिल्या सकाळी मिस्तरींनी रेघ बघितली, मग मी बघितली. त्यांनी विमान फेकले.

ते त्रिकोणी जेटपेक्षा चांगले उडाले, हे मला मान्य करायला हवे. वळताना नाक खाली पडत नव्हते. जोरात वर ओढतानाही कलायला पट्ट्या मोकळ्या राहत. उतरताना मी नाक हळूहळू उचलत वेग कमी करत गेले आणि ते हरभऱ्याच्या रानात, जवळजवळ थांबल्यासारखे होऊन, टेकले. शेपूट फार जोरकस असते म्हणून मला ती नको होती. तिचा जोर कमी करता येतो हे मला पुस्तकातून माहीत होते, हाताला माहीत नव्हते. मी मिस्तरींना म्हणाले, "तुमचं बरोबर होतं."

त्यांनी मान हलवली आणि विमान आणायला निघाले.

आता ते विमान दोन वर्षांचे आहे. आमचे बोलणे पूर्वीइतके मोकळे झाले आहे असे मी म्हणणार नाही. पूर्वी ते घरच्या गोष्टी सांगायचे, आता विमानाच्याच सांगतात. कदाचित त्यांचे वयही झाले असेल, किंवा मला तसे वाटत असेल. पण ते दर खेपेला येतात, आणि फेकायच्या आधी जोड स्वतः बघतात, एकदाच.

गेल्या महिन्यात त्यांनी फ्लॅपचा विषय परत काढला. जमिनीला टेकायच्या क्षणी पट्ट्या झटकन वर घेता येतील अशी काही सोय करता येईल का, असे त्यांचे चालले आहे. मी म्हणाले, उतरताना तो क्षण नेमका कोणी ओळखायचा? ते म्हणाले, तुम्ही. मी कागदावर पंख काढून ठेवला आहे, फ्लॅपच्या जागी तुटक रेषा आखली आहे. ती पक्की करायची की खोडायची, हे अजून ठरलेले नाही.